मोठा भागधारक विकायला निघतो तेव्हा

१९ मार्च २०२४ रोजी टाटा सन्सनं टीसीएसचे २ कोटी ३४ लाख शेअर विकले. कंपनीच्या एकूण शेअरांचा हा पाऊण टक्काही नव्हे. विक्री झाली सुमारे ९,३०० कोटींची. पण त्या दिवशी भाव चार टक्क्यांहून जास्त उतरला आणि टीसीएसचं बाजारमूल्य साठेक हजार कोटींनी घटलं. कंपनीचं एकही काम त्या दिवशी हातचं गेलं नव्हतं. मग एवढा पैसा गेला कुठे?

कुठेच गेला नाही. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर. सौदा मूठभर शेअरांचा होतो आणि त्याचा भाव सगळ्यांना लागू होतो. ज्यानं आपले शेअर कपाटातून काढलेही नाहीत, त्याच्याही संपत्तीचा आकडा खाली येतो.

भाव उतरतो कसा, हे ब्रोकरच्या ॲपवर ‘मार्केट डेप्थ’, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअरची मागणी आहे ती यादी, उघडलं की डोळ्यांनी दिसतं. समजा, एका छोट्या कंपनीच्या शेअरला २५० रुपयांना ४०० शेअरची मागणी आहे, २४९.५० ला ९०० ची आणि २४८ ला दीड हजाराची. कुणी मिळेल त्या भावानं २,००० शेअर विकायला काढले, तर पहिली ओळ संपते, दुसरी संपते आणि उरलेले ७०० शेअर २४८ ला जातात. पडद्यावर भाव २४८! हा धक्का पुष्कळदा तात्पुरता असतो. नवे खरेदीदार आले की खड्डा भरतो. म्हणूनच मोठे विक्रेते आधीच गिऱ्हाईक ठरवून एकगठ्ठा सौदा करतात आणि त्यासाठी थोडी सूट देतात. टाटा सन्सचे शेअर आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा साडेतीन टक्के स्वस्त, ४,००१ रुपयांना गेले. मोठ्या खरेदीदाराला ४,००१ ला मिळालेला शेअर आपण ४,१४४ ला का घ्यावा, असा विचार बाकीच्यांनी केला तर नवल नाही.

पण मला यातला खरा मोलाचा भाग पुढचा वाटतो. मायरन शोल्स यांनी, पुढे १९९७ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अशा शेकडो मोठ्या विक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्री जितकी मोठी तितकी घसरण मोठी, असं त्यांना आढळलं नाही. फरक पडत होता तो विकणारा कोण यानं. कंपनीचे अधिकारी किंवा खुद्द कंपनी विकत असेल तर घसरण जास्त; बँका किंवा विमा कंपन्या विकत असतील किंवा वारसाहक्काच्या मालमत्तेतले शेअर विकले जात असतील तर कमी. घरातला माणूस घर सोडतोय म्हटल्यावर शेजारी भिंतींना तडे गेलेत का ते बघतात, तसंच हे. बाजार विक्रीतून बातमी वाचतो.

आणि बातमी आधीच पचली असेल तर? टीसीएसच्या विक्रीच्या सहाच दिवस आधी, १३ मार्चला, ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोनं आयटीसीतला साडेतीन टक्के हिस्सा सुमारे १७,५०० कोटींना विकला. टाटा सन्सच्या विक्रीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम, तरी आयटीसीचा भाव त्या दिवशी चार टक्क्यांहून जास्त वाढला. आपण हिस्सा कमी करणार, हे ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोनं फेब्रुवारीतच बोलून दाखवलं होतं. भाव तेव्हाच पडला आणि महिनाभर टांगत्या तलवारीखाली दबून राहिला. किती शेअर येणार, कधी येणार, कुणालाच माहीत नव्हतं. विक्री उरकली आणि तलवार उतरली. शिवाय विकणाऱ्याकडे अजून २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा उरला होता; म्हणजे ७५ टक्के मतं लागणारा विशेष ठराव अडवण्याची ताकद त्यानं सोडली नव्हती.

मे २०२५ मध्ये त्याच कंपनीनं आयटीसीचा आणखी अडीच टक्के हिस्सा विकला. या वेळी हिस्सा २५ टक्क्यांच्या खाली आला, शेअर चांगल्याच सवलतीनं गेले आणि भाव सुमारे तीन टक्क्यांनी घसरला.