‘टेक’ सोपं, ‘ऑफ’ अवघड

‘टेक’ म्हणजे घेणे, हे इंग्रजी शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच कळतं. मग विमान ‘टेक ऑफ’ करतं, घरात शिरणारा माणूस बूट ‘टेक ऑफ’ करतो, नवा धंदा ‘टेक ऑफ’ करतो. कुणी काही घेत नाही, तरी ‘टेक’ आहेच! अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: अर्थ ते क्रियापदात शोधत बसतात. खरं काम करतं ते मागचं चिमुकलं अव्यय.

‘ऑफ’मध्ये सुटण्याची कल्पना आहे. विमानाची चाकं जमिनीपासून सुटतात, बूट पायांपासून. धंद्याला हा शब्द लागतो तो विमानावरूनच. इतके दिवस रेंगाळत होता, आता उडाला. (‘टेक ऑफ’चा अर्थ एखाद्याची नक्कल करणे असाही होतो. तिथे मात्र ही किल्ली सहज लागत नाही, तो पाठच करावा.)

‘अप’ तर माझं फार आवडतं. भांडं भरत गेलं की पाणी वर चढतं आणि काठाला लागलं की काम पूर्ण होतं. वर जाणं आणि पुरं होणं ही सांगड ‘फिल अप’मध्ये डोळ्यांना दिसते. पण ‘ड्रिंक अप’ म्हणताना पेल्यातलं पाणी खाली जात असतं, तरी अव्यय ‘अप’च! वरची दिशा गळून गेली, उरला फक्त ‘पूर्ण’ हा अर्थ. आपण ‘पिऊन टाक’ म्हणतो तेव्हा तरी कोण काय टाकतं? आपलं ‘टाकणे’ही असंच झिजून ‘संपव’ एवढंच सांगतं.

जुन्या इंग्रजीत अशी बरीच अव्ययं क्रियापदाच्या आधी चिकटत. ‘ओव्हरकम’, ‘फर्गिव्ह’ हे त्यातलेच टिकलेले शब्द. संस्कृतात एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसाच हा प्रकार. पुढे अव्ययं क्रियापदामागे गेली. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचाही लोंढा आला, पुढे थेट लॅटिनमधूनही शब्द आले. म्हणून आज ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’ दोन्ही आहेत. आपण पुस्तकातून पहिला शिकतो, बोलणारे दुसरा वापरतात. परक्यांना या जोड्या सगळ्यात जड जातात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं.

पण मेंदू ही जोडी एक शब्द म्हणून साठवतो, की दरवेळी व्याकरणाने जुळवतो? बर्ट कॅपेल, युरी श्टिरॉव्ह आणि फ्रीडेमान पुल्वरम्युलर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं. मेंदूतल्या विद्युतप्रवाहामुळे तयार होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र त्यांनी मोजलं. या मोजणीतली खुबी अशी की ओळखीचा शब्द ऐकला तर प्रतिसाद निरर्थक शब्दापेक्षा मोठा येतो. व्याकरणशुद्ध शब्दजुळणीला मात्र अशुद्ध जुळणीपेक्षा लहान. म्हणजे दोन शक्यतांची भाकितं थेट उलटी. प्रचारातल्या जोड्यांना प्रतिसाद मोठा आला, शब्दाला यावा तसा.

म्हणून शिकताना अव्ययाचं चित्र समजून घ्यावं, पण जोडी अखंड तोंडात बसवावी, तीही वाक्यासकट. कारण हा ‘एक शब्द’ मधून उघडतो. ‘टेक ऑफ युवर शूज’ चालतं, ‘टेक युवर शूज ऑफ’ही चालतं. बुटांऐवजी सर्वनाम आलं की मात्र ‘टेक देम ऑफ’ एवढंच; ‘टेक ऑफ देम’ म्हटलं की इंग्रजी बोलणाऱ्याचा कान अडखळतो. कारण विचारलं तर त्यालाही सहसा सांगता येत नाही, जसं ‘पिऊन टाक’ चालतं आणि ‘येऊन टाक’ का चालत नाही, हे आपल्याला चटकन सांगता येत नाही.