तांब्याने पाणी पाजावं लागणारा डिशवॉशर

बेळगावात जुन्या वस्तूंचे शौकीन कमी नाहीत. कुणाकडे वाल्वचा रेडिओ, कुणाकडे लॅम्ब्रेटा. पण जुना डिशवॉशर ठेवलाय आणि वापरतोही म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "का हो, भांड्याला बाई मिळेना होय?" आमच्या मागच्या पडवीत सत्तरच्या दशकातला एक अमेरिकन डिशवॉशर आहे. मावसभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा घरसामानाबरोबर तो आला आणि बरीच वर्षं त्याच्यावर पापडाचे डबे राहिले. तो चालू करताना जे जे अडलं, त्याची मुळं या यंत्राच्या इतिहासातच सापडली.

१८५० साली अमेरिकेत जोएल हॉटनने भांडी धुणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी पिंप, हँडल फिरवा, पाणी उडतं. भांडी ओली व्हायची, एवढंच. खरी सुरुवात इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कोक्रेनपासून. नवरा १८८३ मध्ये कर्ज मागे ठेवून गेला, पण बाई खचली नाही. तिने ताटल्या-कपांची मापं घेतली, प्रत्येकाला तारेचा खण केला, ते खण तांब्याच्या बॉयलरमधल्या आडव्या चाकावर बसवले आणि खालून गरम साबणपाणी मारलं. पेटंट २८ डिसेंबर १८८६ चं. घासायचं नाही, दाबाने पाणी मारायचं, ही कल्पना आजही तीच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं गाजली, पण गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं. घराघरात एवढं गरम पाणी होतंच कुठे? तिची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट या कंपनीकडे गेली आणि घरगुती 'किचनएड' डिशवॉशर आला तो थेट १९४९ मध्ये. दरम्यान जर्मनीत मीले कंपनीने १९२९ मध्ये विजेवर चालणारा डिशवॉशर काढला होता.

परदेशातले संग्राहक चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या यंत्रांवर जीव टाकतात. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत तळाशी नुसता पंखा असायचा. तो पाणी फेकायचा आणि ते लागेल तिथे लागायचं. पुढे पंप आणि फिरत्या फवाऱ्याचे हात आले. इनॅमल चढवलेली जाड पोलादी टाकी, खटखट पुढे सरकणारा टायमर, सर्किट बोर्ड नावालाही नाही. बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. माझ्या मते या छंदाचं निम्मं कारण हेच.

आता आमच्या पडवीतली गोष्ट. हे यंत्र ११० व्होल्टचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडे साठ हर्ट्‌झ, इकडे पन्नास. टायमरची मोटर त्याच हिशेबाने सावकाश फिरते आणि तासाभराचं धुणं बहात्तर मिनिटं चालतं. ते चाललं असतं, पण पाण्याने खरा घोळ घातला. जुनी अमेरिकन यंत्रं पाण्याची पातळी बघत नाहीत, ठरावीक वेळ नळ उघडा ठेवतात. नळाला चौरस इंचामागे किमान वीस पौंडांचा दाब असेल हे तिकडे गृहीतच. बेळगावच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं, पण आमचा कारभार गच्चीवरच्या टाकीवर. पंधरा फूट उंची म्हणजे जेमतेम साडेसहा पौंड. वेळ संपली तरी तळ अर्धाच भरलेला आणि पंप हवा ओढून गुरगुरतोय. शेवटी दार उघडून बायकोने तांब्या-तांब्याने पाणी ओतलं. नवव्या तांब्याला आवाज बदलला.

पावडरीचीही एक भानगड आहे. जुन्या पावडरीत फॉस्फेट असायचं. ते पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवायचं, त्यामुळे काचेवर पांढरी साय धरत नसे. नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्यावर बंधन घातलं. नव्या पावडरीत एन्झाइम असतात, त्यांना काम करायला वेळ लागतो. जुन्या यंत्राचं धुणं आटोपशीर, म्हणून नवी पावडर त्यात कमी पडते. इथे आमचा सावकाश टायमर उलट उपयोगी पडला.

आपल्याकडे हे यंत्र रुजायला उशीर झाला, त्याला नुसती किंमत कारण नव्हती. ते जन्मलं ताटली-कपांसाठी, आपला ओटा कढई-कुकर-तव्याचा. त्यात अल्कली पावडरीने अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, आणि बेळगावात तर एके काळी अ‍ॅल्युमिनियमचा कारखानाच होता, पातेल्यांना काय तोटा! कल्हईची पितळी भांडी आत घालणं म्हणजे कल्हईवाल्याला आमंत्रण. देशी बाजारात आयएफबीसारख्या कंपन्यांनी डिशवॉशर आणले, तरी मागणी खरी वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत, कामवाल्या मावशी येईनाशा झाल्या तेव्हा.

यंत्राच्या पंपाचं सील गळत होतं. कंपनीचा भाग मिळणं अशक्य. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत नेलं. फाउंड्र्या आणि लेथचं गाव हे, तिथल्या पोराने पंप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे बोअरच्या मोटरीगतच आहे की! यात काय एवढं?" दुसऱ्या दिवशी त्याने बुश कातून दिला आणि मापाचं कार्बन सील बसवलं.

आता हळदी-कुंकवाला, गणपतीत पन्नास-साठ ताटल्या-वाट्या साठल्या की आम्ही यंत्र लावतो. टाकीच्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवलाय. तो पंप रुसला तर तांब्या आहेच. कुकर अजून मावशीच घासतात, आणि ते यंत्र बघून दर वेळी म्हणतात, "हे उभं राहून नुसतं आवाज करतंय."