ओटूल, पीटर

ओटूल, पीटर : (२ ऑगस्ट १९३२ – १४ डिसेंबर २०१३). रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत गाजलेले आयरिश अभिनेते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटातील टी. ई. लॉरेन्स (पहिल्या महायुद्धात अरबांसमवेत लढलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी) यांच्या भूमिकेने ते जगभर पोहोचले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्कर पुरस्कारासाठी त्यांना आठ वेळा नामांकन मिळाले. स्पर्धेतून हा पुरस्कार मात्र एकदाही मिळाला नाही.

त्यांचे जन्मस्थळ वादग्रस्त आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे परगण्यातील कॉनेमारा हा एक पक्ष, तर इंग्लंडमधील यॉर्कशरचे औद्योगिक शहर लीड्स हा दुसरा. वादाचे मूळ बरेचसे स्वतः ओटूल यांच्याकडेच जाते. ‘लॉयटरिंग विथ इन्टेन्ट’ या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात (१९९२) त्यांनी आपल्यापाशी दोन जन्मदाखले असल्याचे सांगितले आहे : एक आयर्लंडमधला, जून १९३२ चा, दुसरा लीड्सचा, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. यांपैकी खरा कोणता, याचा निवाडा त्यांनी केला नाही. वाढदिवस मात्र ते २ ऑगस्टलाच साजरा करीत. जुन्या चित्रपटकोशांतून आणि प्रसिद्धिपत्रकांतून कॉनेमारा हेच जन्मस्थळ सर्रास छापलेले आढळते व एका कोशातून दुसऱ्या कोशात ते तसेच उतरत गेले. लीड्सच्या बाजूचा पुरावा निराळ्या प्रतीचा आहे. तेथील निबंधकाच्या दप्तरात २ ऑगस्ट १९३२ रोजी सेंट जेम्स रुग्णालयात जन्म झाल्याची नोंद आहे. आयरिश दाखल्याचा आधार प्रामुख्याने ओटूल यांचे स्वतःचे कथन हाच असल्यामुळे अलीकडच्या चरित्रकारांचा कल लीड्सकडे आहे व तो अधिक ग्राह्य वाटतो. दोन्ही देशांत जन्मनोंदीची पद्धत तोवर चांगली रुळलेली होती (इंग्लंडमध्ये १८३७ पासून, आयर्लंडमध्ये १८६४ पासून); त्यामुळे एकाच मुलाची दोनदा नोंद होणे अशक्य नसले, तरी विरळाच. शिवाय १९३२ मध्ये आयरिश मुक्त राज्य राष्ट्रकुलातच होते आणि कामधंद्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या कुटुंबांची ये-जा नित्याची होती. अशा घरांत ‘आपण कुठले’ या प्रश्नाचे उत्तर दप्तरातून नव्हे, तर घरच्या सांगण्यातून येई. ओटूल स्वतःला आयरिशच म्हणवीत. त्यांची आयरिश म्हणून गणना करण्यास जन्मस्थळाच्या निर्णयाने बाधा येत नाही.

आडनावाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ओटूल हे गेलिक भाषेतील ‘ओ तुअहिल’ (तुअहलचे वंशज) या कुलनामाचे इंग्रजी रूप. हे घराणे मुळात पूर्वेकडील लेन्स्टर प्रांतातले, विशेषतः विक्लोच्या डोंगराळ मुलखातले. त्याची एक शाखा पश्चिमेस कॉनख्ट प्रांतात गेली. याच घराण्यातील डब्लिनचे आर्चबिशप संत लॉर्कन (लॉरेन्स ओटूल) यांनी इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याशी आयरिश राजांच्या वतीने वाटाघाटी केल्या, आणि त्याच राजाच्या मागोमाग नॉर्मंडीत गेले असता ११८० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे याच दुसऱ्या हेन्रीची भूमिका ओटूल यांनी दोनदा केली आणि मुलाचे नाव लॉर्कन ठेवले. आडनाव एक असले, तरी अभिनेत्याचा संताशी थेट वंशसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

वडील पॅट्रिक हे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारे बुकी. आई कॉन्स्टन्स स्कॉटिश, व्यवसायाने परिचारिका. बालपण लीड्सच्या हन्स्लेट या कामगारवस्तीत गेले. शिक्षण कॅथलिक शाळेत झाले. डावखुरेपणाबद्दल जोगिणींकडून मार बसत असे, असे त्यांनी सांगितले आहे. शाळा सोडल्यावर ‘यॉर्कशर ईव्हनिंग पोस्ट’ या वृत्तपत्रात उमेदवारी केली, मग सक्तीच्या लष्करी सेवेत नौदलात संदेशवाहक म्हणून काम केले. डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या नाट्यशाळेत आयरिश भाषा येत नसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला, असे सांगतात. १९५२ मध्ये लंडनच्या ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या संस्थेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. ॲल्बर्ट फिनी व ॲलन बेट्स हे तेथील त्यांचे सहाध्यायी.

१९५५ ते १९५८ ही ब्रिस्टल ओल्ड व्हिक या नाटक कंपनीतील वर्षे त्यांच्या घडणीची होत. लहानमोठ्या कितीतरी भूमिका त्यांनी तेथे केल्या; १९५८ चा हॅम्लेट विशेष वाखाणला गेला. १९६० मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांतील शायलॉक आणि पेट्रुशिओ साकारले. त्यांचा शायलॉक पाहिलेल्यांनी शेक्सपिअरचा मोठा नट म्हणून त्यांची गणना करण्यास सुरुवात केली होती. तेवढ्यात चित्रपटाने त्यांना ओढून नेले. याच वर्षी ‘किडनॅप्ड’ आणि ‘द डे दे रॉब्ड द बँक ऑफ इंग्लंड’ हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट झळकले.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’साठी दिग्दर्शक डेव्हिड लीन व निर्माते सॅम स्पीगल यांची पहिली पसंती ओटूल नव्हते, मार्लन ब्रँडो आणि फिनी यांच्याकडून नकार आल्यावर त्यांची निवड झाली. चित्रीकरण १९६१ च्या मे महिन्यात जॉर्डनमध्ये सुरू होऊन पुढे स्पेन व मोरोक्को येथे चालले. खरे लॉरेन्स सुमारे साडेपाच फूट उंचीचे. ओटूल सहा फूट दोन इंच. या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले, परंतु पडद्यावर ती खुपत नाही. उंटावरच्या खोगिराने अंग सोलवटू लागल्यावर त्यांनी त्यावर रबरी फोमचा थर घातला. बदूंनी (वाळवंटातील भटक्या अरबांनी) त्यांना ‘स्पंजचा बाप’ अशा अर्थाचे अरबी टोपणनाव दिले. काहींनी ती युक्ती उचललीही, असे म्हणतात. या चित्रपटात लॉरेन्स ज्याला वाळवंटातून माघारी जाऊन वाचवतो आणि पुढे स्वतःच्या हाताने गोळी घालतो, त्या गासिमची भूमिका हिंदी चित्रपटांतील आय. एस. जोहर यांनी केली आहे.

तांत्रिक बाजू येथे महत्त्वाची आहे. चित्रीकरण ६५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर झाले व चित्रपटगृहांत दाखवण्याच्या प्रती ७० मिमी.च्या होत्या, वाढीव ५ मिमी. चुंबकीय ध्वनिपट्ट्यांसाठी. एवढ्या मोठ्या चौकटीत क्षितिजावरचा ठिपकाही सुटत नाही आणि चेहरा जवळ आला, की पापणीची हालचालही लपत नाही. रंगभूमीवरचा नट अशा पडद्यावर सहसा अति करून बसतो. ओटूल यांनी मात्र बराचसा अभिनय डोळ्यांवर सोपवला. त्यांच्या निळ्या डोळ्यांची एवढी चर्चा झाली ती यामुळेच. लंडनमधील पहिल्या खेळाच्या वेळी (१० डिसेंबर १९६२) चित्रपट सुमारे २२२ मिनिटांचा होता. पुढे काटछाट होत तो १८७ मिनिटांवर आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट हॅरिस यांनी तो पूर्ववत केला, तेव्हा काही प्रसंगांची चित्रे मिळाली, पण आवाज हरवलेला होता. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या ओटूल यांनी आपल्याच तिशीतल्या ओठांवर नव्याने संवाद म्हटले. आज प्रचलित असलेल्या प्रतीत हे दोन्ही आवाज आहेत.

दुसरा हेन्री त्यांनी प्रथम ‘बेकेट’ (१९६४) मध्ये रिचर्ड बर्टन यांच्यासमवेत, तर नंतर ‘द लायन इन विंटर’ (१९६८) मध्ये कॅथरिन हेपबर्न यांच्यासमोर उभा केला. पहिल्यात मित्राच्या विरहाने पोरासारखा चिडणारा तरुण राजा, दुसऱ्यात वारसाच्या प्रश्नाने घेरलेला पन्नाशीतला बाप. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी ओटूल पस्तिशीच्या आसपास होते आणि त्यांच्या राणीची भूमिका करणाऱ्या हेपबर्न साठीच्या. एकच व्यक्तिरेखा दोन वेगळ्या चित्रपटांत करून दोन्हींसाठी ऑस्कर नामांकन मिळवणारे नट फार थोडे. समीक्षक सहसा ‘लॉरेन्स’ला अग्रस्थान देतात, निव्वळ अभिनयाच्या दृष्टीने ‘द लायन इन विंटर’ त्याहून कमी भरू नये.

अन्य नामांकने ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ (१९६९), ‘द रूलिंग क्लास’ (१९७२), ‘द स्टंट मॅन’ (१९८०), ‘माय फेव्हरिट इयर’ (१९८२) आणि ‘व्हीनस’ (२००६) यांसाठी. ‘माय फेव्हरिट इयर’च्या वर्षी पुरस्कार ‘गांधी’तील बेन किंग्जली यांना गेला, त्याच समारंभात कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेचा ऑस्कर मिळाला. २००३ मध्ये अकादमीने मानद पुरस्कार देऊ केला, तेव्हा आपण अजून स्पर्धेत आहोत, तो ऐंशीव्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकावा, असे त्यांनी कळवले होते, अखेर स्वीकारला. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या ‘व्हीनस’ने त्यांचा दावा पोकळ नव्हता हे दाखवले.

रंगभूमी त्यांनी सोडली नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरचा शुभारंभ १९६३ मध्ये झाला तो ओटूल यांच्या हॅम्लेटने. १९६९ मध्ये ज्या ॲबीने पूर्वी नाकारले होते, तिच्याच रंगमंचावर ते सॅम्युएल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये उभे राहिले. १९८० चा ‘मॅकबेथ’ समीक्षकांनी अक्षरशः झोडपला. प्रयोग मात्र तुडुंब भरले. पडझड पाहण्यासाठीही प्रेक्षक तिकीट काढतो, याचे हे उदाहरण म्हणता येईल. १९८९ मध्ये कीथ वॉटरहाउस यांच्या ‘जेफ्री बर्नार्ड इज अनवेल’ने ती कसर भरून निघाली. ‘द लास्ट एम्परर’ (१९८७), ‘ट्रॉय’ (२००४), ‘रॅटटूई’तील (२००७) खाद्यसमीक्षकाचा आवाज, तसेच ‘किम’ (१९८४) या दूरचित्रवाणीपटातील लामा ही उत्तरकालीन कामे. अधूनमधून किरकोळ चित्रपटही त्यांनी बरेच केले.

१९५९ मध्ये वेल्श अभिनेत्री शान फिलिप्स यांच्याशी विवाह झाला. दोन मुली, त्यांपैकी केट अभिनेत्री. १९७९ मध्ये घटस्फोट. फिलिप्स यांच्या आत्मचरित्रातील संसाराचे चित्र ओटूल यांच्या खुसखुशीत आठवणींपेक्षा बरेच कठोर आहे आणि दोन्ही ताडून पाहणे इष्ट. मुलगा लॉर्कन १९८३ चा. बर्टन, रिचर्ड हॅरिस यांच्यासमवेतच्या मद्यपानाच्या कथा अगणित असून त्यांतील कित्येक सांगणाऱ्यागणिक बदलतात. १९७६ च्या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा व जठराचा भाग काढावा लागला. पुढे त्यांना इन्शुलिनवर राहावे लागले. १९७८ मध्ये रक्ताच्या विकाराने ते मरणाच्या दारातून परतले. १९८७ मध्ये ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारल्याचे सांगितले जाते. क्रिकेटचे त्यांना वेड होते. उतारवयात ते लंडनमध्ये मुलांना खेळ शिकवीत. कॉनेमारातील क्लिफडन गावाजवळ त्यांनी घर बांधले होते. आयर्लंडचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांचा त्यांच्याशी १९६९ पासून स्नेह होता.

जुलै २०१२ मध्ये त्यांनी अभिनयातून निवृत्ती जाहीर केली. लंडन येथे त्यांचे निधन झाले. गोल्डर्स ग्रीन येथे दहन झाले आणि अस्थी कॉनेमारास नेण्याचा मनोदय कुटुंबाने व्यक्त केला. त्यांची पत्रे, टिपणे व नाट्यसंहिता २०१७ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरने घेतल्या.