तळपायातून शिरणारा जंत

शाळेत जंताच्या गोळ्या वाटायची वेळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच जुना मजकूर फिरू लागतो. गोळी खाऊन पोरं ओकली, तुमच्या पोरांना देऊ नका. जोडीला घरातल्या आजीचं ठरलेलं निदान असतंच, ‘गूळखोबरं आवरा, जंत गोडानं होतात.’ गोडानं दात किडतात. जंत व्हायला त्याची अंडी नाहीतर अळी शरीरात जावी लागते, आणि एका जातीची अळी तर बहुधा तोंडावाटे येतच नाही.

ती जात म्हणजे अंकुशकृमी. लांबी जेमतेम 1 सेंटीमीटर. कुणी उघड्यावर बसलं की अंडी मातीत पडतात, दोनेक दिवसांत फुटतात आणि 5 ते 10 दिवसांत अळी माणसात शिरण्याजोगी होते. तिला ऊब, ओल आणि सावली लागते. पावसाळ्यात माडापोफळीच्या आगरात, परसातल्या केळीखाली हे सगळं आयतं असतं. चपला हातात घेऊन व्हाळ ओलांडणाऱ्या पोराचा पाय पडला की ती बोटांच्या बेचक्यातून कातडीत घुसते. खाज सुटते, बारीक पुळ्या येतात. आपण चिखल्या समजून सोडून देतो.

पुढचा प्रवास कितीदाही वाचला तरी मी थक्क होतो. अळी शिरेतून हृदयात जाते, तिथून फुप्फुसात, केशवाहिनी फोडून वायुकोशात, मग श्वासनलिकेतून वर घशापर्यंत. तिथे मूल तिला नकळत गिळतं आणि ती लहान आतड्यात पोचते. आर्थर लूस या जर्मन संशोधकाला कैरोमध्ये याचा सुगावा लागला तो अपघातानं. 19व्या शतकाच्या अखेरीस अळ्यांचं पाणी त्याच्या हातावर सांडलं, हात खाजला, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंडी सापडली.

आतड्यात कृमी अस्तराला चावून रक्त पितो. रक्त गोठू नये म्हणून तो अशी प्रथिनं सोडतो, जी रक्त गोठवणाऱ्या साखळीतला ‘घटक 10-अ’ निकामी करतात. मग रक्त गोठवणारं थ्रोम्बिन बनत नाही, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं धरत नाही, आणि कृमीनं जागा बदलली तरी जुनी जखम झिरपत राहते. अंकुशकृमींतल्या नेकेटर या प्रकारचा एक कृमी दिवसाला सुमारे 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो. असे 50 असले तर दीड मिलिलिटर, म्हणजे साधारण पाऊण मिलिग्रॅम लोह. त्यातलं थोडं परत शोषलं जातं खरं, पण मुलाचं आतडं दिवसभराच्या जेवणातून मिळवतंच मुळी 1 मिलिग्रॅमच्या आसपास.

मग पोर फिकट पडतं, वर्गात पेंगतं, घाटी चढताना धापा टाकतं, आणि घरी मीठमिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली जाते. काही मुलं मातीही खाऊ लागतात. माती खाल्ल्यानं रक्त कमी झालं असं आपण म्हणतो. बरेचदा लोह कमी झालेलं असतं म्हणून माती खावीशी वाटते. आपली जांभ्याची माती तर लोहानंच लाल. पण ते लोह ऑक्साइडच्या रूपात असतं, सहसा विरघळत नाही, त्यामुळे आतड्याच्या हाती काही लागत नाही. वर मातीतून गोलकृमी या दुसऱ्या जंताची अंडी पोटात जातात ती वेगळीच.

जंताच्या गोळीतलं अल्बेंडाझोल हे औषध कृमीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्याच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिका उभ्या राहत नाहीत, ग्लुकोज आत घेता येत नाही आणि तो उपासमारीनं मरतो. पोटात जंत जास्त असतील तर मळमळतं, क्वचित ओकारी होते आणि थोड्या वेळात थांबते. व्हॉट्सॲपवाल्यांचा बाऊ एवढ्यासाठीच. मात्र ही गोळी उद्या पायातून शिरणाऱ्या अळीला अडवत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा द्यावी लागते. ती चावून खायची. आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (5 ते 9 वर्षांच्या मुलांना गुलाबी, 10 पासून पुढे निळी) चहाबरोबर नको, चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. लिंबाचं सरबत चालेल. आणि पावसाळ्यात चामडी बुटांपेक्षा पट्ट्याची प्लास्टिक सँडल बरी, ओली झाली तरी पोरं ती काढून हातात घेत नाहीत.