मक्यावर घर तापवायचं तर आगीपेक्षा राखेकडे जास्त बघावं लागतं

अमेरिकेत आयोवा, मिनेसोटाकडे गावाबाहेर राहणाऱ्या काहींच्या परसात एक पत्र्याची छोटी खोली दिसते, वर धुराडं आणि शेजारी मक्याची टाकी. तशी आमच्याकडेही आहे. ही घर तापवायची भट्टी, आग घराबाहेरच राहते आणि आत येतं ते फक्त गरम पाणी, ७०-८० डिग्रीचं, जमिनीखालच्या पाइपातून. घरात त्या पाण्याच्या जाळीवरून पंखा हवा फेकतो आणि गार झालेलं पाणी परत भट्टीकडे जातं. २०१९ च्या जानेवारीअखेरीस इकडे पारा काही ठिकाणी उणे ३० च्या खाली गेला होता, त्यावरून कळेल की हे हौसेचं काम नाही.

मका जाळायचा म्हटलं की आपल्या लोकांना धक्का बसतो, मलाही बसला होता, अन्न आहे ना ते. पण हिशोब बघा, साधारण ३ किलो कोरड्या मक्यात १ किलो एलपीजीइतकी उष्णता असते, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरऐवजी सुमारे ४३ किलो मका लागतो. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर गॅस महागला आणि मका स्वस्त होता, तेव्हा मक्याच्या शेगड्या धडाधड खपल्या. पुढे इथेनॉलमुळे मागणी वाढली, २०१२ च्या दुष्काळात तर भाव बुशेलला, म्हणजे २५ किलोला, ७-८ डॉलरवर गेला आणि बरेच जण लाकडाच्या पेलेटकडे, म्हणजे भुशाच्या छोट्या कांड्यांकडे, वळले.

आता राख. मक्याच्या दाण्यात पोटॅश आणि फॉस्फरस भरपूर असतं, शेतकरी खतातून घालतो तेच, आणि त्याची राख कमी तापमानाला वितळते. बर्नपॉटमध्ये, म्हणजे दाणे जळतात त्या भांड्यात, ती पाकासारखी होते आणि थंड झाली की काचेसारखा कडक गोळा, वीटभट्टीतल्या खंगरासारखा. इकडे त्याला क्लिंकर म्हणतात. तो हवेची भोकं बुजवतो, मग ज्वाळा पिवळीधमक सोडून लालसर, आळशी होते, धूर वाढतो आणि शेवटी आग विझते. म्हणून मी रोज सकाळी ज्वाळेचा रंग बघतो आणि आकड्याने गोळा ओढून काढतो, हातात घेतला तर वजनाला हलका आणि कडेला काचेसारखा चकाकतो. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो मक्यात थोडा मिसळला की त्यातल्या कॅल्शियममुळे राख वितळायचं तापमान वाढतं, गोळा भुसभुशीत होतो. मला या उपायाचं फार अप्रूप आहे.

पेलेट म्हणजे दाबलेला भुसा, वेगळा गोंद नसतो, लाकडातलं लिग्निनच तापून चिकटतं. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये पांढरा कोळसा वापरतात त्याच जातीची वस्तू. चांगल्या पेलेटची राख १ टक्क्यापेक्षा कमी, पण एकदा भिजलं की परत भुसा. मक्यालाही ओल चालत नाही. पहिल्या हिवाळ्यात विकणारा कोरडा म्हणाला म्हणून मी ओल मोजायचं मीटर न लावता मका भरला, तो १८ टक्के ओला निघाला, रात्री २ वाजता आग विझली आणि घरात सगळे स्वेटर घालून बसले. आता १५ टक्क्यांच्या वर असला तर मी घेतच नाही, आणि मक्याची माती-फोलपटंही चाळून काढतो, नाहीतर दाणे ढकलणारा स्क्रू अडतो.

परत येणारं पाणी ६० डिग्रीच्या खाली गेलं तर धुरातली वाफ लोखंडावर घाम फुटल्यासारखी जमते, त्यात आम्ल असतं आणि पत्रा खाल्ला जातो, म्हणून गरम पाणी थोडं परतीत मिसळणारा व्हॉल्व्ह लावून घ्यावा. पाण्यात गंजरोधक औषध टाकायचं आणि वर्षातून एकदा पाणी तपासून घ्यायचं. स्क्रू, पंखा, पंप सगळं विजेवर चालतं, तेव्हा जनरेटर हवाच.

खरी खराबी मात्र होते उन्हाळ्यात, भट्टी बंद असताना. राखेतलं पोटॅश हवेतली ओल ओढतं आणि ती ओली राख स्टीलला महिनोन् महिने चिकटून राहते. म्हणून मे महिन्यात शेवटची आग विझली की मी त्याच आठवड्यात ब्रश घेऊन आतला प्रत्येक कोपरा खरवडतो, स्क्रूमधला उरलेला मका काढतो, नाहीतर उंदीर येतात, आणि पावसाचं पाणी उतरू नये म्हणून धुराड्याला टोपी घालतो.