बेस गिटार : वाद्य, नाद आणि नागपूरची हवा

बेस गिटार हे खर्जाच्या सुरांसाठी घडवलेले आणि ध्वनिवर्धकातून ऐकू येणारे तंतुवाद्य आहे. तिच्या नेहमीच्या रूपात चार तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली मिळवलेल्या असतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर सर्वांत जाड तार पांढरी तीनला लागते, पुढची पांढरी सहाला, तिसरी पांढरी दोनला आणि सर्वांत बारीक तार पांढरी पाचला. त्यांची कंपने सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ इतकी असतात. लगतच्या कोणत्याही दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते, त्यामुळे एका तारेवर बसलेली बोटांची आकृती पुढच्या तारेवर जशीच्या तशी चालते.

हा काळ्या-पांढऱ्यांचा नकाशा नागपूरच्या बेसवादकाला तोंडपाठ असावा लागतो, कारण ऑर्केस्ट्रातला गायक पाश्चात्त्य स्वरनामे सांगत नाही, तो ‘काळी एक धर’ असे म्हणतो. काळी एकचा षड्ज चार तारांच्या बेसवर पाचव्या फ्रेटच्या (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या) अलीकडे, पांढरी सहाच्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज मात्र या वाद्यावर नाहीच, कारण तिथवर पोचण्यापूर्वी तार संपते. ज्यांना तो हवा असतो ते पाच तारांची बेस घेतात. तिची पाचवी तार पांढरी सातला, म्हणजे सुमारे ३०.९ हर्ट्झला लावलेली असते आणि तिच्या दुसऱ्या फ्रेटवर तो खोल षड्ज सापडतो. पुरुष गायकांची साथ नियमित करणाऱ्याला पाचवी तार चैनीची वाटू नये, ती गरजेची आहे.

या वाद्याचा इतिहास थोडक्यात असा. उभ्या, फ्रेट नसलेल्या डबल बासचा आवाज मोठ्या वाद्यवृंदात दबून जाई आणि ते वाद्य वाहून नेणे जिकिरीचे असे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे पॉल टटमार्क यांनी आडवी धरून वाजवण्याची, फ्रेट असलेली विद्युत बेस बनवली, पण ती फारशी पसरली नाही. १९५१मध्ये लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस बाजारात आली आणि आजच्या वाद्याचे माप तिथे ठरले. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव अचूकतेवरून पडले. घोडीपासून (धडावरच्या तारा टेकवणाऱ्या आधारापासून) नटपर्यंत (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत) तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच असते आणि आजही बहुसंख्य बेस याच मापाच्या असतात. १९५७मध्ये प्रिसिजनचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) दोन भागांत विभागला गेला, १९६०मध्ये दोन पिकअपांची जॅझ बेस आली, आणि १९७६मध्ये म्यूझिक मॅनच्या स्टिंगरेमध्ये वाद्याच्या आतच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे संकेत आधीच वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर, बसवला गेला. नागपुरात शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा यामाहा, आयबनेझ, कॉर्ट किंवा स्क्वायर यांपैकी जी बेस येते, ती रचनेने याच तीन नमुन्यांपैकी कोणाची तरी वंशज असते.

हौशी वादकांच्या गप्पांत ‘टोन’ हा शब्द सतत येतो आणि चर्चा लगेच पेडल, प्रीॲम्प आणि किमतीकडे वळते. वास्तविक बेसचा नाद सर्वांत आधी उजव्या हातात घडतो. तर्जनी आणि मध्यमा घोडीजवळ आणली की तार ताठ लागते आणि आवाज आखडलेला, कोरडा व स्पष्ट येतो. तीच बोटे मानेच्या दिशेने चार बोटांच्या रुंदीइतकी सरकवली की आवाज गोल आणि घुमणारा होतो. कोणतेही बटण न फिरवता इतका फरक पडतो. हे तपासायला काहीच लागत नाही : पांढरी सहाची मोकळी तार एकाच जोराने छेडत हात घोडीपासून मानेपर्यंत हळूहळू न्यावा आणि फक्त ऐकावे. बोट तारेतून ओढल्यावर ते लगतच्या जाड तारेवर टेकून थांबले, तर ती तार आपोआप मुकी राहते. अंगठा पिकअपवर किंवा जाड तारेवर विसावतो आणि उरलेल्या तारांची अनाहूत कंपने डाव्या हाताची मोकळी बोटे दाबून ठेवतात. चांगल्या बेसवादकाचे निम्मे काम न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याचे असते, आणि शिकवण्या लावणाऱ्यांनी ते पहिल्या महिन्यातच करून घ्यावे असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

हातानंतर क्रम लागतो तारांचा. गोल वेढ्याच्या तारा, ज्यांना राउंडवाउंड म्हणतात, नव्या असताना झणझणीत वाजतात. चपट्या वेढ्याच्या फ्लॅटवाउंड तारांचा आवाज आखूड, मऊ आणि काहीसा डबल बासकडे झुकणारा असतो. मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतले जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत, फ्लॅटवाउंड तारा वापरत आणि घोडीजवळच्या झाकणाखाली स्पंज ठेवून तारांचा झणकार आवरत. कॅरल के यांनी बोटांऐवजी वापरल्या जाणाऱ्या पिकने (छोट्या चपट्या पातीने) तितकेच ठाशीव काम केले. अंगठ्याने तार ठोकून तर्जनीने ती उपटण्याची स्लॅप पद्धत लॅरी ग्रॅहम यांच्या नावाशी जोडलेली आहे, आणि महाविद्यालयीन स्पर्धांत टाळ्या तिलाच मिळतात. नागपूरच्या उकाड्यात घामट बोटांमुळे गोल वेढ्यांत मळ आणि क्षार साचतात, त्यामुळे राउंडवाउंड तारांचा झणका काही आठवड्यांतच उतरतो. बेसच्या तारा महाग असल्याने त्या सोडवून पाण्यात उकळून, पुसून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा चढवण्याचा उपाय जुने वादक करतात. त्याने झणका थोड्या दिवसांसाठी परततो. वाजवून झाल्यावर सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

नागपुरात या वाद्याची खरी परीक्षा हवा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि दुपारची हवा अगदी शुष्क असते. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की तीच हवा दमट होते आणि सप्टेंबरपर्यंत तशी राहते. चार तारांचा मिळून मानेवर सुमारे ८० किलो वजनाइतका ताण असतो. तो पेलण्यासाठी मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई बसवलेली असते, आणि लाकूड व सळई यांच्या ओढाताणीतून मानेला किंचित बाक मिळतो. हा बाक आवश्यक असतो, कारण जाड तारेला हलायला जागा लागते. उन्हाळ्यात लाकडातला ओलावा निघून जातो, बाक कमी होतो, कधी मान मागेच झुकते आणि पहिल्या काही फ्रेटवर तार खडखडू लागते. पावसाळ्यात लाकूड फुगते, बाक वाढतो, तारा फ्रेटपासून उंच जातात आणि बोटे दुखतात. आपले वाद्य बिघडले असे समजून अनेक जण या काळात ते विकायला काढतात, आणि हे पाहून वाईट वाटते, कारण दुरुस्ती बहुधा पाव फेऱ्याची असते.

तपासणी अशी करावी. तारा नेहमीच्या सुरात मिळवून, वाद्य वाजवताना धरतो तसेच धरून, सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला जुळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी. आता तार सरळ पट्टीसारखी ताणलेली असते. मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात एखादे व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, जेमतेम सरकेल इतकी फट असावी. फट मुळीच नसेल तर ट्रस रॉडचा नट एलन कीने (षटकोनी चावीने) डावीकडे, म्हणजे सैल, फिरवावा. फट जास्त असेल तर उजवीकडे कसावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, नंतर वाद्य रात्रभर ठेवून पुन्हा पाहावे, आणि नट जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबून जाणकाराकडे जावे. नागपुरात हे काम वर्षातून दोनदा करणे शहाणपणाचे : एकदा मेच्या सुरुवातीला आणि एकदा पाऊस मुरल्यावर.

वैदर्भीय घरातला कूलर या हिशेबात वेगळीच गुंतागुंत आणतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते, पण ती खोली दमट करते, तर वातानुकूलन यंत्र ती कोरडी करते. बाहेरच्या शुष्क उन्हातून स्कूटरवर आलेली बेस कूलरच्या झोतासमोर उभी केली, तर तासाभरात तिचे सूर सरकतात. म्हणून वाद्य झोतापासून दूर ठेवावे आणि घरात आल्यावर बॅग अर्धा तास बंदच राहू द्यावी. बंद मोटारीत ते उन्हात कधीही सोडू नये, कारण आतल्या उष्णतेने सरस मऊ पडून फिंगरबोर्डचा (मानेवरच्या, बोटे दाबण्याच्या फळीचा) जोड उकलू शकतो. लाकूड आकसल्यावर फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात, तेव्हा ती बारीक कानशीने घासून गोल करता येतात.

दुसरी अडचण विजेची. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि बेसच्या जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा पांढरी पाचचा सूर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे विजेची गुणगुण याच सुरापेक्षा किंचित चढी लागते, आणि तिचा दुप्पट कंपनांचा उपस्वर बारीक तारेच्या मोकळ्या सुराशेजारी येऊन बसतो. गिटारवाल्याला हा त्रास निव्वळ आवाज म्हणून जाणवतो, बेसवाल्याला तो बेसूर साथीदार म्हणून ऐकू येतो. प्रिसिजनचा दुभागलेला पिकअप ही गुणगुण स्वतःच खोडून काढतो. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारख्या पातळीवर ठेवले तरच ती खोडली जाते, एक कमी केला की ती परत येते. मूळ कारण मात्र बहुधा अर्थिंगचे असते. मंडपात दिव्यांची रोषणाई, कूलर आणि ध्वनिव्यवस्था एकाच जोडणीवर असतील तर सर्वोत्तम वाद्यही गुणगुणते, आणि तिथे अर्थिंग तपासण्याची मागणी करण्यात वादकाने संकोच करू नये, कारण प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचाही असतो.

तिसरी अडचण खोलीची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ८.३ मीटर असते. सरावाची खोली दहा बाय बारा फुटांची असली, तर बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. पहिला काळी तीनच्या जवळचा, दुसरा पांढरी सहाच्या. सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब तो शोषत नाहीत. म्हणून हे दोन सूर छाती दडपतील इतके मोठे येतात, शेजारचे सूर पातळ वाटतात आणि वादक अकारण नवा ॲम्प्लिफायर शोधू लागतो. ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दूर ठेवला, गादी किंवा जाड रजया उभ्या केल्या आणि इक्वलायझरवर तेवढाच पट्टा उतरवला, की बरेच भागते.

नागपुरात बेसचे स्थान वाद्यवृंदांत, सदर भागातील चर्चमधल्या गायनात, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘आरोही’सारख्या महोत्सवांतील बँडमध्ये आणि सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात होणाऱ्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत आहे. दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला उभ्या राहणाऱ्या भीमगीतांच्या मंचांवर खर्जाचा भार बहुधा कीबोर्डवादकाच्या डाव्या हातावर आणि ऑक्टोपॅडवर असतो. तिथे खरा बेसवादक बसला तर गाण्याला केवढे बळ येईल, हे एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बेसची ओळ गाण्याच्या चालीइतकी ठसठशीत केली, आणि आपल्या बहुतेक वादकांचा कान त्याच गाण्यांवर घडला आहे.

अशा गाण्यांची साथ करताना बेसचा जोडीदार तबल्याचा डग्गा किंवा ढोलक असतो, आणि पाश्चात्त्य पुस्तकांतून ड्रमच्या किकशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) जुळवून घ्यायला शिकलेला विद्यार्थी इथे गोंधळतो. केरव्याचा साधा ठेका, ‘धा गे ना ति, न क धि न’, यात डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो, तर पाचव्या मात्रेवर ‘खाली’ (टाळी नसलेली जागा) असते. बेसने समेवर षड्ज ठेवून तो तिसऱ्या मात्रेपूर्वी हाताने थांबवावा, खालीची जागा मोकळी सोडावी आणि सातव्या मात्रेवर पंचमावरून पुन्हा समेकडे यावे. त्यामुळे ठेका श्वास घेतो. सूर लांबवत राहिले तर डग्ग्याचा घुमारा आणि बेस एकमेकांत चिखल करतात, आणि मग ध्वनियोजक बेसचाच आवाज उतरवतो.

मींडेवर वाढलेल्या कानाला फ्रेटलेस बेस विशेष भावते. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढून, खाचा भरून, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा लेप दिलेली बेस वाजवली आणि १९७६मधल्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेने हा नाद जगभर पोचला. तिच्यावर सुरातून सुरात सरकता येते, आंदोलन देता येते, पण बोट केसभर ढळले तरी खर्ज बेसूर होतो. त्यामुळे तानपुऱ्यासोबत संथ सराव करणे हाच तिचा मार्ग आहे.

मंचावर आता अवजड व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचे) ॲम्प क्वचितच दिसतात. १९६९च्या अँपेग एसव्हीटीसारखा ३०० वॉटचा ॲम्प आणि आठ स्पीकरांचे कपाट जिन्यावरून चढवायला दोन माणसे लागत, तर आजचे क्लास डी प्रकारचे ॲम्प दोन-तीन किलोंत तितकी शक्ती देतात. बहुतेक कार्यक्रमांत बेस डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरला जाते आणि सबवूफरमधून (खर्जाच्या मोठ्या स्पीकरमधून) ऐकू येते. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या खटक्यात लावू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांना सर्वसाधारणपणे बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खर्जाचे सूर भिंतींतून इतर कोणत्याही सुरांपेक्षा दूर जातात, म्हणून दहानंतरचा सराव छोट्या हेडफोन-ॲम्पवर करावा लागतो. त्यासाठी हेडफोन मात्र कानावर घट्ट बसणारे निवडावेत, कारण सैल हेडफोनमधून ४१ हर्ट्झचा मूळ सूर निसटतो आणि कानाला केवळ त्याचे उपस्वर ऐकू येतात.