आफ्टरशॉक: "अजून किती दिवस?" या प्रश्नाचं खरं उत्तर

मोठा भूकंप होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सगळे एकच प्रश्न विचारायला लागतात, अजून किती दिवस हे चालणार? बातम्यांमध्ये गेलेल्यांचे आणि पडलेल्या घरांचे आकडे येत असतात, पण जी माणसं वाचलीयेत आणि रात्री खळ्यावर, मैदानात नाहीतर गाडीत झोपतायत त्यांना आतून हाच प्रश्न पोखरत असतो, कारण जमीन अजून थांबलेली नसते, मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के, म्हणजेच आफ्टरशॉक, चालूच असतात. विज्ञानाकडे याचं उत्तर आहे आणि बऱ्यापैकी पक्कं आहे, फक्त ते दोन भागांत आहे, आणि लोकांना बहुतेक वेळा पहिलाच भाग सांगितला जातो. दुसरा भाग न सांगितल्यामुळे माणसं मरतात असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून हे लिहायला घेतलंय.

माझं आजोळ उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. आजोळची माणसं वाचली, घरही उभं राहिलं, फक्त मागच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. पण त्यानंतरचे आठवडे मला भूकंपापेक्षा जास्त आठवतात. पाऊस, ताडपत्री, जमिनीतून येणारा तो गूढ आवाज, आणि लांबून ट्रक गेला तरी हातातला चहाचा कप तसाच धरून थांबलेली मोठी माणसं. (तो आवाज भास नसतो बरं का. धक्का उथळ असला की भूकंपाच्या पहिल्या लहरी जमिनीतून वर येऊन हवेलाच हलवतात आणि आपल्याला ते ऐकू येतं, कधी कधी हालचाल जाणवायच्या आधीच.)

आता हे धक्के येतातच का? सुंभाची बाज आठवा. विणलेल्या बाजेतली एक दोरी तटकन तुटली की सगळी बाज लगेच कोसळत नाही, पण तुटलेल्या दोरीवरचा भार शेजारच्या दोऱ्यांवर जातो, त्यातली जी आधीच झिजलेली असते ती कधीतरी तुटते, मग तिचा भार तिच्या शेजारणीवर. मोठ्या भूकंपात जमिनीखालचा खडक एका भेगेच्या दोन्ही बाजूंना सरकतो, त्या ठिकाणचा ताण मोकळा होतो, पण भेगेच्या टोकांपाशी आणि आजूबाजूच्या लहान भेगांवर तो उलट वाढतो. खडकातल्या पाण्याचा दाबही बदलतो आणि पाणी फटींमधून हळूहळू मुरत जातं. या सगळ्याला नव्याने बसायला वेळ लागतो. "जमीन सेट होतेय" असं गावाकडे म्हणायचे, ते फार चुकीचं नव्हतं.

आजीने त्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जाणवलेल्या प्रत्येक धक्क्याला त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने एक बारीक रेघ मारायला सुरुवात केली होती. दूध किती घेतलं ते जसं मांडायची तसंच. पहिल्या दिवसांच्या चौकोनात रेघांची नुसती गर्दी, मग दोन-चार, मग एखाददुसरी, मग मोकळे चौकोन आणि मध्येच कुठेतरी एकटी रेघ. पुष्कळ वर्षांनी कळलं की नेमकं हेच काम जपानमध्ये फुसाकिची ओमोरी यांनी केलं होतं. २८ ऑक्टोबर १८९१ ला जपानच्या नोबी भागात प्रचंड भूकंप झाला, ७,००० च्या वर माणसं गेली, आणि नंतरचे धक्के मोजता मोजता ओमोरींच्या लक्षात आलं की त्यांच्या संख्येला एक शिस्त आहे. त्यांनी १८९४ साली ती मांडली आणि आज आपण तिला ओमोरीचा नियम म्हणतो.

नियम सोपा आहे. समजा पहिल्या दिवशी १०० धक्के आले, तर दहाव्या दिवशी साधारण १० येतील आणि शंभराव्या दिवशी साधारण १. म्हणजे सुरुवातीला भराभर कमी होतात आणि पुढे ते कमी होणंच संथ होत जातं. आता यातली गंमत नव्हे, त्रासदायक गोष्ट बघा. पहिल्या ते दहाव्या दिवसापर्यंतचे सगळे धक्के मोजले तर ते साधारण २३० भरतात, आणि दहाव्या ते शंभराव्या दिवसापर्यंतचे मोजले तरी तेही २३० च भरतात. पहिला हप्ता नऊ दिवसांत, तेवढाच दुसरा नव्वद दिवसांत, तेवढाच तिसरा नऊशे दिवसांत. म्हणून ते कधी संपलेच असं वाटत नाही, कारण ते खरंच एका दिवसात संपत नाहीत, फक्त दोन धक्क्यांमधलं अंतर वाढत जातं. नोबीच्या धक्क्यांचा हाच उतार पुढे जवळजवळ शंभर वर्षं मोजता आला, इतकी लांब शेपटी असते.

हा झाला उत्तराचा पहिला भाग, आणि तो दिलासा देणारा आहे. दुसरा भाग असा, की दिवसागणिक धक्क्यांची संख्या कमी होते, त्यांचा आकार कमी होत नाही.

हे जरा हळू वाचा, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. आपल्याला वाटतं मोठा भूकंप, मग मध्यम, मग लहान, मग अगदी बारीक, असं करत सगळं विझत जाईल, घंटेचा नाद विरतो तसं. तसं नसतं. भूकंपाची ताकद सांगणारा जो आकडा असतो (मॅग्निट्यूड), त्याने मोजलं तर कुठल्याही दिवशी ३ च्या वरचे जेवढे धक्के असतील त्यांच्या दहाव्या हिश्शाने ४ च्या वरचे, त्यांच्या दहाव्या हिश्शाने ५ च्या वरचे, हे प्रमाण पहिल्या आठवड्यात असतं तेच सहाव्या महिन्यातही साधारण तसंच राहतं. सोडतीसारखं समजा, सहाव्या महिन्यात पिशवीतून चिठ्ठ्या कमी वेळा काढल्या जातात एवढंच, पण पिशवी तीच असते आणि तिच्यात मोठ्या नंबरची चिठ्ठीही असतेच. सरासरीने बघितलं तर सगळ्यात मोठा आफ्टरशॉक मुख्य भूकंपापेक्षा १.२ ने लहान असतो, पण सरासरीच ती, काही ठिकाणी हा फरक खूप कमी तर काही ठिकाणी जास्त. आणि कधी कधी, कॅलिफोर्नियातल्या अनुभवाप्रमाणे शंभरात साधारण पाच वेळा, नंतर येणारा धक्का आधीच्यापेक्षाही मोठा निघतो.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराने हा दुसरा भाग अंगावर सोसला. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे ४:३५ ला शहराच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर ७.१ चा भूकंप झाला, तिथे फॉल्ट (खडक सरकतो ती भेग) आहे हे तोपर्यंत कुणाला माहीतही नव्हतं. जुन्या विटांच्या इमारतींचं नुकसान झालं, पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये जमिनीखालची ओली वाळू द्रव झाल्यासारखी वर उसळून अंगणं आणि रस्ते भरून गेले, पण पडझडीखाली सापडून एकही माणूस गेलं नाही. सगळ्यांना वाटलं आपण सुटलो. धक्के चालू राहिले, २६ डिसेंबरला, ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत, शहराच्या अगदी पोटाखाली ४.९ चा आला, तरी दुकानं उघडली, ऑफिसं सुरू झाली. आणि साडेपाच महिन्यांनी २२ फेब्रुवारी २०११ ला, मंगळवारी दुपारी १२:५१ ला, लोक जेवणाच्या सुट्टीत असताना ६.२ चा आफ्टरशॉक आला. १८५ माणसं गेली.

पहिल्यापेक्षा जवळजवळ वीस पटीने कमी ऊर्जेचा हा धक्का होता. पण तो लांब नव्हता, शहराच्या मध्यापासून फक्त दहा किलोमीटरच्या आसपास आणि जेमतेम पाच किलोमीटर खोल, त्यामुळे काही जागी जमिनीला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीच्या वर गेला. म्हणून टीव्हीवर आकडा बघून "हा तर लहान होता" म्हणू नये, तुमच्यापासून किती लांब आणि किती खोल हे बघावं. त्या १८५ पैकी ११५ माणसं एकाच इमारतीत गेली, सीटीव्ही बिल्डिंग. सप्टेंबरनंतर तिची वरवरची तपासणी झाली होती आणि वापरायला हरकत नाही असं हिरवं कार्ड तिला मिळालं होतं. चौकशीत पुढे आलं की तिच्या मूळ डिझाइनमध्येच दोष होते. एवढा मोठा धक्का खाऊन उभी राहिली म्हणजे मजबूत आहे असं आपण पटकन म्हणतो, पण उभं राहताना इमारतीने काय गमावलं ते बाहेरून दिसत नाही.

त्यानंतरही थांबलं नाही. १३ जून २०११ ला, २३ डिसेंबर २०११ ला पुन्हा सहाच्या आसपासचे धक्के. पूर्वेकडच्या लोकांनी अंगणातली करडी वाळू सप्टेंबरमध्ये फावड्याने उपसली, फेब्रुवारीत परत उपसली, जूनमध्ये परत, डिसेंबरमध्ये परत. मला या गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटतं. एकदा घर साफ करायची ताकद माणसात असते, चौथ्यांदा कुठून आणायची? फेब्रुवारीनंतर कॉलेजची पोरं फेसबुकवरून जमून हजारोंनी फावडी घेऊन वस्त्यांमध्ये गेली, ओळख ना पाळख अशा म्हाताऱ्या माणसांची अंगणं मोकळी करून दिली, आणि याची किंमत फक्त उपसलेल्या वाळूत मोजता येणार नाही.

मनाचं बोलायचं तर, आपल्याकडे घाबरणाऱ्याला "आता झालं की, किती दिवस तेच" म्हणायची सवय आहे. अपघात होऊन जातो, पूर ओसरतो, मग मन हळूहळू सावरतं. इथे तसं नाहीये, इथे घटना अजून चालूच आहे, आणि मेंदू जरा शांत होऊ लागला की पुढचा धक्का येऊन त्याला पुन्हा शिकवतो की तू सावध होतास तेच बरोबर होतं. जमीन हलत नसताना हलल्यासारखं वाटणं इतकं सर्रास होतं की जपानी भाषेत त्याला स्वतंत्र शब्दच आहे, जिशिन-योई, म्हणजे बोट लागते तशी भूकंप लागणं. पहिल्या आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, अंघोळीला जायची भीती वाटणं याला आजार म्हणू नये. पण महिनोन् महिने तसंच राहिलं तर डॉक्टरकडे जावं, कारण परिणाम खरा असतो. क्राइस्टचर्चमध्ये १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ बाळांचा अभ्यास आधीपासून चालू होता, भूकंप आला तेव्हा ती तिशीत होती, काही शहरात, काही बाहेरगावी, त्यामुळे तुलना आपोआपच मिळाली. ज्यांनी भूकंपाचा जोरदार अनुभव घेतला त्यांच्यात मानसिक त्रासाचं प्रमाण बाहेर असलेल्यांच्या साधारण १.४ पट निघालं.

मग करायचं काय. लगेच बसवून सगळं बोलून मोकळं व्हायचा आग्रह कुणाला धरू नये, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, नाही त्याला चहा द्यावा, काम द्यावं. घरातल्या मोठ्यांनी रात्री पाळीपाळीने जागं राहिलं तर बाकीचे निदान चार तास तरी गाढ झोपतात. पोरांनी विचारलं "परत येईल का?" तर नाही म्हणू नका, पुढचा धक्का आला की तुमच्या शब्दावरचा विश्वास जातो, "येतील, आणि आला की आपण टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरायचा" असं सांगा आणि दोनदा करून घ्या. चप्पल आणि टॉर्च उशाशी ठेवा, कारण अंधारात काचांवरून धावल्यानेही जखमा होतात. कपाटावरच्या जड वस्तू खाली घ्या.

आणि अफवा. १९९३ मध्ये आमच्याकडे रोज कुणीतरी सांगायचं, आज रात्री बारा वाजता मोठा येणार, आणि अख्खं गाव जागं. क्राइस्टचर्चमध्ये एका माणसाने चंद्रावरून २० मार्च २०११ ची तारीख सांगितली होती, लोक शहर सोडून गेले, आणि त्या दिवशी पाचच्या आसपासचा धक्का आलाही. पण महिन्याभरापूर्वीच फेब्रुवारीचा भूकंप झालेला, धक्क्यांची संख्या अजून एवढी होती की कुठलीही तारीख सांगितली असती तरी काहीतरी आलंच असतं. तिथल्या जिओनेट या संस्थेने मात्र वेगळी गोष्ट केली, येत्या दिवसात, महिन्यात, वर्षात ५ च्या वरचा धक्का यायची शक्यता किती टक्के, ६ च्या वरचा किती, असे तक्तेच लोकांपुढे ठेवले, ओमोरीच्या नियमावरूनच काढलेले. पावसाच्या अंदाजासारखं. वेळ सांगता येत नाही पण छत्री घ्यायची की नाही ते ठरवता येतं. आपल्याकडे कोयनेत १९६० च्या दशकापासून आणि पालघरला डहाणू-तलासरीत २०१८ पासून लोक वारंवार हादरे सोसतायत. तिथली कारणं वेगळी, पालघरला तर एक मुख्य भूकंप असा झालाच नाही, पण तिथल्या बाईला रात्री घरात झोपू की बाहेर हे ठरवायला असा साधा तक्ता मराठीतून दर आठवड्याला मिळायला हवा, मला हे फार मनापासून वाटतं.

घराबद्दल शेवटचं. किल्लारीकडे माळवदाची घरं होती, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छप्पर, भिंत सुटली की ते सगळं झोपलेल्या माणसावर. अशा घराला भेग गेली असेल तर धक्के कमी झाले म्हणून आत झोपायला जाऊ नये, वर सांगितलं ना, संख्या कमी होते, आकार नाही. भांडी, धान्य, कागदपत्रं काढायला जायचंच असेल तर दिवसा, एकाने, पटकन, आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून. आणि भेगेवर लक्ष ठेवायचं. मामाने मागच्या खोलीच्या भेगेच्या टोकाला कोळशाने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहिली होती, प्रत्येक जाणवलेल्या धक्क्यानंतर तो बाहेरूनच खिडकीतून बॅटरी मारून बघायचा. दिवाळीपर्यंत आजीच्या कॅलेंडरवर रेघा जवळजवळ थांबल्या होत्या आणि सगळे म्हणायला लागले होते की आता आत जाऊ, थंडी वाढलीये. मामाने बॅटरी मारली तर भेग खुणेच्या दोन बोटं पुढे गेली होती. आम्ही तो हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला.